खेळाने अभ्यास बुडतो का?



जून महिना येतो, शाळा सुरू होते आणि दहावीत गेलेल्या मुलांच्या घरी दरवर्षी तोच कार्यक्रम पार पडतो. नव्या पुस्तकांना कव्हरे घातली जातात, क्लासची फी भरली जाते आणि क्रिकेटची बॅट माळ्यावर जाते. कबड्डीच्या संघात असलेल्या मुलीला आई समजावते, ‘एवढे एक वर्ष जाऊ दे, मग आयुष्यभर खेळायचेच आहे.’ दहावी संपते तोवर अकरावी येते, तिच्या पाठोपाठ बारावी आणि मग महाविद्यालय. माळ्यावरची बॅट खाली येते ती एकदम भंगारवाल्याला देण्यासाठी!

पण शाळेच्या बक्षीस समारंभात पी. टी. चे सर नेमके उलट सांगतात. ‘जी मुले मैदानावर पुढे असतात, ती अभ्यासातही पुढे असतात’ हे वाक्य तुम्ही सर्वांनी ऐकले असेल. मग खरे कोणाचे? बाबांचे, की सरांचे?

हा प्रश्न तुम्हाला आज ना उद्या सोडवावा लागणार आहे. दोन-तीन वर्षांत तुम्ही महाविद्यालयात जाल. तेथे संघाच्या निवडीची सूचना फलकावर लागेल आणि शेजारीच प्रात्यक्षिकांचे वेळापत्रकही असेल. त्या फलकापुढे उभे राहिल्यावर कोणाचे तरी ऐकून निर्णय घेण्याऐवजी आपण आजच हा प्रश्न विज्ञानाच्या रीतीने तपासून पाहू या. कारण ‘खेळाने अभ्यास बुडतो’ आणि ‘खेळाने अभ्यास सुधारतो’ ही दोन्ही विधाने तपासता येण्याजोगी आहेत. त्यांतून मी कोणत्या मताला पोचलो, तेही शेवटी सांगतो.

मोठ्या माणसांची उदाहरणे

अशा वादात आपण सर्वप्रथम काय करतो? मोठी नावे पुढे करतो. तशी नावे पुष्कळ आहेत आणि ती खरोखरच आनंद देणारी आहेत.

पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर घ्या. सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते संस्कृत शिकवत. १९२६ साली इंग्लंडहून एम.सी.सी.चा क्रिकेट संघ आला, तेव्हा मुंबईच्या सामन्यात पस्तिशीला टेकलेल्या या संस्कृतच्या प्राध्यापकांनी १४८ धावा काढल्या. पुढे वयाची शंभरी ओलांडून ते १९९३ साली वारले. सकाळी कालिदास आणि दुपारी क्रिकेट, अशी ही जोडी होती!

डेन्मार्कमधील बोर बंधूंची गोष्टही तशीच आहे. अणूच्या रचनेवरील कामासाठी १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे नील्स बोर विद्यार्थिदशेत कोपनहेगनच्या एका नामांकित संघात फुटबॉल खेळत. ते गोलरक्षक होते. त्यांचे धाकटे बंधू हाराल्ड त्यांच्याहून सरस. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवणाऱ्या डेन्मार्कच्या संघात हाराल्ड होते. त्याच स्पर्धेत डेन्मार्कने फ्रान्सचा १७ विरुद्ध १ असा धुव्वा उडवला होता. दोनच वर्षांनी, १९१० साली, हाराल्ड यांनी गणितातील डॉक्टरेटसाठी आपला प्रबंध जाहीरपणे मांडला. त्या वेळी सभागृहात गणितज्ञांपेक्षा फुटबॉलचे शौकीनच जास्त होते असे सांगतात.

मला मात्र सर्वांत आवडते ती रॉजर बॅनिस्टर यांची गोष्ट. एक मैल अंतर चार मिनिटांच्या आत धावणे माणसाला शक्य नाही, असे त्या काळी पुष्कळांना वाटे. बॅनिस्टर लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात वैद्यकीचे शिक्षण घेत होते. वैद्यकीचा अभ्यास किती जड असतो हे तुम्ही ऐकूनच आहात. दिवसभर सराव करणे त्यांना शक्यच नव्हते. म्हणून ते जेवणाच्या सुट्टीत जवळच्या मैदानावर जात आणि पाव मैलाचे अंतर दहा वेळा धावत. दोन धावांच्या मध्ये दोन मिनिटे विश्रांती. १९५३ च्या डिसेंबरात पाव मैलाला त्यांना ६६ सेकंद लागत. चार-पाच महिन्यांत तो वेळ त्यांनी ५९ सेकंदांवर आणला. वेळ थोडा, म्हणून त्याचा हिशेब काटेकोर! शिवाय धावताना श्वसनाचे काय होते, याचा अभ्यास त्यांनी प्रयोगशाळेत स्वतःला सरकत्या पट्ट्यावर धावायला लावून केला होता. अभ्यासाचा विषय आणि खेळ हे एकमेकांचे शत्रू न राहता सोबती झाले ते असे.

६ मे १९५४ च्या सकाळी बॅनिस्टर रुग्णालयात होते. तेथील प्रयोगशाळेतल्या सहाणेवर त्यांनी बुटांचे खिळे घासून अणकुचीदार केले आणि मग आगगाडीने ऑक्सफर्ड गाठले. संध्याकाळी त्यांनी एक मैल ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत पार केला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी शर्यती सोडल्या आणि पुढचे सारे आयुष्य मज्जासंस्थेच्या रोगांवर काम करण्यात घालवले.

पण उदाहरण म्हणजे पुरावा नव्हे

आता तुम्ही म्हणाल, ‘झाले, प्रश्न सुटला! सरांचेच खरे.’

जरा थांबा. आपण निवडून निवडून तीन-चार माणसे घेतली. परीक्षेत नापास झालेल्या आणि शर्यतही हरलेल्या मुलावर लेख कोण लिहितो? तशी मुले हजारो असतील, पण ती आपल्या दृष्टीस पडत नाहीत. डोळ्यांपुढे येतात ती चमकणारी नावे. त्यांच्यावरून सर्वांविषयी नियम काढणे म्हणजे एकाच चांदणीवरून साऱ्या आकाशाचा नकाशा काढण्यासारखे आहे.

‘मग पुष्कळ मुलांचे गुण मोजू,’ असे तुम्ही सुचवाल. सूचना चांगली आहे. पण त्यातही एक फसगत दडलेली आहे. ती समजावी म्हणून आपण एक काल्पनिक महाविद्यालय घेऊ. पेन्सिल हाती घ्या.

या महाविद्यालयात १०० विद्यार्थी आहेत. त्यांपैकी ८० जण खेळत नाहीत आणि त्यांच्या गुणांची सरासरी ५५ आहे. उरलेले २० जण संघात आहेत. त्यांतील १५ जणांची सरासरी ६०, तर ५ जणांची फक्त ३०. म्हणजे सर्व खेळाडूंची सरासरी किती झाली? १५ गुणिले ६० बरोबर ९००. त्यात ५ गुणिले ३० म्हणजे १५० मिळवा. १०५० भागिले २०, म्हणजे साडेबावन्न. न खेळणारे ५५, खेळणारे साडेबावन्न. बाबा म्हणतील, ‘पाहा, मी सांगत नव्हतो?’

आता प्राचार्य एक नियम करतात : ४० पेक्षा कमी गुण असणाऱ्याला संघात जागा नाही. ते पाच जण संघाबाहेर पडतात. संघात उरलेल्या १५ जणांची सरासरी ६० होते. बाहेर पडलेले पाच आता ‘न खेळणाऱ्यां’त मोजले जातात. त्यामुळे न खेळणाऱ्या ८५ जणांची सरासरी ४५५० भागिले ८५, म्हणजे सुमारे साडेत्रेपन्न होते. खेळणारे ६०, न खेळणारे साडेत्रेपन्न! आता पी. टी. चे सर म्हणतील, ‘पाहा, मी सांगत नव्हतो?’

गंमत लक्षात आली का? शंभरांपैकी एकाही मुलाचा एकही गुण वाढला नाही वा घटला नाही. फक्त चाळणी लावली गेली. आणि बाबांचा पक्ष जिंकत होता तो सरांचा पक्ष जिंकू लागला!

हे उदाहरण मनचे असले, तरी अशी चाळणी खरोखर असते. अमेरिकेत महाविद्यालयीन खेळांचा कारभार १९०६ साली स्थापन झालेली एक राष्ट्रीय संघटना पाहते. एन.सी.ए.ए. या अक्षरांनी ती ओळखली जाते. ठरावीक दर्जाचे गुण नसतील तर खेळाडूला सामन्यात उतरता येत नाही, असा तिचा नियम आहे. तेव्हा ‘खेळाडूंचे गुण चांगले असतात’ असे कोणी म्हटले, तर ‘चाळणी लावण्यापूर्वी की लावल्यानंतर?’ असे तुम्ही विचारले पाहिजे.

आणखीही अडचणी आहेत. ज्या घरी बूट घेण्याची ऐपत आहे, सकाळी पेलाभर दूध मिळते, जवळ मैदान आहे, त्या घरचे मूल खेळतेही आणि त्याच्या अभ्यासाची सोयही बरी असते. नेहमी आजारी पडणारे मूल मैदानावरही जात नाही आणि वर्गातही गैरहजर राहते. उलट बाजूने पाहिले, तर काही मुले अभ्यासात रस वाटत नाही म्हणून मैदानाकडे वळतात. तेथे खेळामुळे अभ्यास बुडालेला नसतो. अभ्यास आधीच बुडालेला असतो आणि खेळ मागाहून आलेला असतो. दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. शास्त्रज्ञ परस्परसंबंध आणि कार्यकारणभाव यांत फरक करतात, तो यासाठीच.

मग प्रयोग काय सांगतो?

चाळणीचा दोष टाळायचा असेल तर ‘कोण खेळणार’ हे मुलांवर सोडून चालत नाही. असा एक मोठा प्रयोग १९७० नंतरच्या दशकात कॅनडातील क्वेबेक प्रांतात त्र्वा-रिव्हिएर या भागातील प्राथमिक शाळांत झाला. ५४६ मुलांना रोज एक तास जादा व्यायाम आणि खेळ दिला गेला. हा तास आकाशातून पडला नव्हता. तो अभ्यासाच्या तासांतूनच कापून घेतला होता, त्यामुळे शिकवण्याचा वेळ सुमारे १३ ते १४ टक्क्यांनी घटला. तुलनेसाठी त्याच शाळांतील मागच्या-पुढच्या वर्षांचे वर्ग घेतले. म्हणजे शाळा तीच, वस्ती तीच, फरक फक्त एका तासाचा. निष्कर्ष असा निघाला की, अभ्यासाचा वेळ घटूनही मुलांचे गुण घटले नाहीत. उलट वरच्या इयत्तांत ते एकंदरीने थोडे सरसच राहिले.

दुसरा प्रयोग लहान, पण नेटका आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००९ साली प्रसिद्ध केला. नऊ-दहा वर्षांची २० मुले. एका दिवशी प्रत्येक मुलाला वीस मिनिटे शांत बसवले आणि नंतर लक्ष एकाग्र करण्याची चाचणी घेतली. दुसऱ्या एका दिवशी त्याच मुलाला सरकत्या पट्ट्यावर वीस मिनिटे भरभर चालायला लावले, नाडीचे ठोके पूर्ववत होऊ दिले आणि चाचणी घेतली. चालल्यानंतर उत्तरे अधिक अचूक आली. येथे प्रत्येक मुलाची तुलना त्याच्या स्वतःशीच होती. त्यामुळे ‘हा मुळातच हुशार’ ही शंका उरत नाही.

पण या दोन्ही प्रयोगांतून हवे तेवढेच घ्यायचे, अधिक नाही. ते लहान मुलांवर केलेले आहेत आणि त्यांत व्यायामाचे प्रमाण रोज वीस मिनिटे ते तासभर एवढेच होते. ‘रोज तासभर खेळल्याने अभ्यासाचे नुकसान होत नाही, झाला तर थोडा फायदाच होतो,’ एवढे त्यांच्या आधारे म्हणता येते. ‘म्हणून रोज पाच तास खेळा’ असे ते सांगत नाहीत. चिमूटभर मिठाने आमटीला चव येते, म्हणून कोणी वाटीभर मीठ घालीत नाही!

वाटीभर मीठ

हे वाटीभर मीठ पाहायचे असेल तर पुन्हा अमेरिकेत जायला हवे. महाविद्यालयीन खेळांचा एवढा मोठा व्याप जगात दुसरीकडे क्वचितच असेल. तेथील मोठ्या विद्यापीठांच्या फुटबॉलच्या सामन्यांना लाखभर प्रेक्षक जमतात, दूरचित्रवाणीचे करार अब्जावधी डॉलरचे होतात. चांगल्या खेळाडूला शिष्यवृत्ती मिळते, त्याच्यासाठी वेगळे शिकवणीचे शिक्षक असतात. गरीब घरच्या पुष्कळ मुलामुलींना केवळ खेळामुळे महाविद्यालयाचे दार उघडले, ही या व्यवस्थेची जमेची बाजू आहे आणि ती लहान नाही. सर्व खेळ एकत्र धरले तर खेळाडूंचे पदवी मिळवण्याचे प्रमाण इतर विद्यार्थ्यांच्या जवळपासच असते.

आता दुसरी बाजू पाहा. सक्तीचा सराव हंगामात आठवड्याला २० तासांहून जास्त नसावा, असा नियम १९९१ पासून आहे. पण त्या २० तासांत प्रवास धरत नाहीत, दुखापतीवरचे उपचार धरत नाहीत, ‘स्वेच्छेने’ केलेला व्यायाम धरत नाहीत. संघटनेनेच केलेल्या पाहण्यांत वरच्या श्रेणीचे खेळाडू सांगतात, की खेळाला आठवड्याचे तीसहून अधिक तास जातात.

पेन्सिल हातात आहेच, आपण हिशेब करू. आठवड्याचे तास १६८. रोज आठ तास झोप म्हणजे ५६ गेले, उरले ११२. तासिका आणि प्रात्यक्षिके ३०, उरले ८२. आंघोळ, जेवण, जाणे-येणे, घरचे काम रोज चार तास म्हणजे २८, उरले ५४. स्वतःचा अभ्यास २५ तास, उरले २९. या २९ तासांत दहा-बारा तास खेळ आरामात बसतो आणि मित्रांशी गप्पा मारायलाही वेळ उरतो. पण तीसहून अधिक तास त्यात बसत नाहीत, काही केल्या बसत नाहीत. ते कोठून तरी काढावेच लागतात, एक तर झोपेतून, नाही तर अभ्यासातून.

आणि तिसरी एक जागा आहे, ती चटकन ध्यानात येत नाही. ते तास विद्यार्थ्याच्या ध्येयातूनही काढले जातात. समजा, एखाद्या मुलाला रसायनशास्त्रज्ञ व्हायचे आहे. प्रयोगशाळेचा तास दुपारी आणि संघाचा सरावही दुपारी. मार्गदर्शक सांगतात, ‘दुसरा सोपा विषय घे, तो सरावाच्या आड येणार नाही.’ मुलगा विषय बदलतो, पदवी मिळवतो. ‘खेळाडूंना पदवी मिळते’ या आकडेवारीत तो यशस्वी म्हणून मोजला जातो. पण जे व्हायचे होते ते राहूनच गेले, हे कोणत्या रकान्यात लिहायचे? एकाच संघातले पुष्कळ खेळाडू एकाच सोप्या विषयात गोळा झालेले दिसतात, ही तेथील शिक्षणतज्ज्ञांची जुनी तक्रार आहे. यश मोजताना केवळ पदवी मोजली तर अशी फसगत होते.

याचे टोक नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपेल हिल येथील प्रकरणात दिसले. २०१४ साली चौकशीचा अहवाल बाहेर आला. १९९३ ते २०११ या अठरा वर्षांत तेथे काही विषय असे चालले होते, की ज्यांचे वर्ग कधी भरतच नसत. एक निबंध लिहून दिला की झाले, आणि त्याला गुण देत असे कचेरीतील एक कर्मचारी. ३१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी असे विषय घेतले आणि त्यांत जवळपास निम्मे खेळाडू होते. गुण मिळाले, खेळण्याचा परवाना टिकला, शिक्षण मात्र झाले नाही.

हे सारे कशाच्या आशेवर? पुढे व्यावसायिक खेळाडू होता येईल, या आशेवर. पण संघटनेचेच आकडे सांगतात की, शंभरांतील दोघेही तेथवर पोचत नाहीत. जुलै २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली आहे. त्यांच्या श्रमाचे मोल त्यांना मिळते हे न्याय्यच आहे. पण पैसे मिळाले म्हणून आठवड्याचे तास १६८ चे १८० होत नाहीत.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे एवढा पैसा आणि एवढी गर्दी महाविद्यालयीन खेळांना नाही. तरी आपले प्रश्न आपल्यापाशी आहेतच.

चांगले उदाहरण आधी सांगतो. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कुस्तीत सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते. तेव्हा त्या महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक ठरले. शिक्षणसंस्था विद्यार्थ्याच्या पाठीशी उभी राहते म्हणजे काय, ते येथे दिसते.

आता साधा, रोजचा अनुभव. मी पूर्वी एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत असे. व्हॉलिबॉलच्या संघातला एक उंच, गुणी मुलगा आमच्या वर्गात होता. आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि तिच्या सरावासाठी तो तीन-चार आठवडे बाहेर होता. संघ जिंकून आला, ढाल प्राचार्यांच्या कपाटात गेली. त्याच्या चुकलेल्या प्रात्यक्षिकांचे काय, हे कोणी विचारले नाही. कोणीतरी त्याची जर्नल भरून दिली, आम्ही शिक्षकांनी सह्याही केल्या. आपण त्याच्यावर उपकारच करतो आहोत, असे आम्हाला वाटले. परीक्षा संपल्यावर एक दिवस तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘सर, प्रॅक्टिकलला गुण चांगले मिळाले. पण मला व्हर्नियर कॅलिपर अजून वाचता येत नाही. पुढे इंजिनिअरिंगला जायचे आहे.’

मला फार ओशाळल्यासारखे झाले. पुढच्या दोन रविवारी आम्ही दोघे प्रयोगशाळेत बसलो आणि त्याने राहिलेले प्रयोग स्वतःच्या हाताने केले. हुशार होता, दोन दिवसांत सारे शिकला. चुकलेले प्रयोग भरून काढायला फक्त दोन रविवार पुरले! त्याला खोटी सही नको होती, ते दोन रविवार हवे होते. ते आम्ही आधीच द्यायला हवे होते.

आपल्या राज्यात खेळाडूंना परीक्षेत वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकऱ्यांत राखीव जागाही आहेत. मैदानावर घाम गाळणाऱ्याची कदर व्हावी याला माझा विरोध नाही. पण वाढीव गुणांसाठी खेळ आणि गुण मिळताच खेळ बंद, असे होऊ लागले तर ते ना खेळाच्या हिताचे, ना अभ्यासाच्या. शिवाय वाढीव गुणांनी टक्केवारी वाढते, चुकलेला धडा समजत नाही.

माझे मत

आता माझे मत स्पष्ट सांगतो. खेळाने अभ्यास बुडत नाही. वेळेचा ताबा दुसऱ्याच्या हाती गेला की अभ्यास बुडतो. बॅनिस्टर यांनी खेळ आपल्या वेळापत्रकात बसवला. अमेरिकेतील ज्या खेळाडूला विषय बदलावा लागला, त्याला खेळाने आपल्या वेळापत्रकात बसवला. दोघेही महाविद्यालयीन खेळाडूच, पण दोघांत केवढा फरक!

कधी खेळ बाजूला ठेवावा लागतो, हेही खरे. फिरकी गोलंदाज एरापल्ली प्रसन्ना यांनी १९६२ साली कसोटी क्रिकेटमध्ये पदार्पण केले आणि मग अभियांत्रिकीची पदवी पुरी करण्यासाठी ते कसोटी क्रिकेटपासून दूर राहिले. १९६७ साली परतले आणि पुढे त्यांनी एकूण १८९ बळी घेतले. त्यांची बॅट-चेंडू माळ्यावर गेली खरी, पण काही काळापुरती आणि ठरलेल्या कामासाठी. दहावी आली म्हणून रोजचा तासभर खेळही बंद करणे ही निराळी गोष्ट आहे. तिला त्र्वा-रिव्हिएरच्या प्रयोगात तरी आधार सापडत नाही.

म्हणून आई-बाबांना माझी विनंती आहे की, मुलांचा तासभर खेळ बंद करू नका. महाविद्यालयांना विनंती आहे की, ढाल कपाटात ठेवताना ती आणणाऱ्यांचे चुकलेले तास भरून द्या, खोट्या हजेरीने नव्हे, खऱ्या शिकवण्याने. आणि तुम्हाला, मित्रांनो, विनंती अशी की, संघात नाव देताना तीन प्रश्न स्वतःला विचारा. मला पुढे काय शिकायचे आहे? खेळाचे तास त्या शिक्षणाच्या आड येतात का? आणि येत असतील, तर ते तास भरून काढण्याची सोय कोण करणार आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय सही करू नका.

शेवटी एक प्रयोग. माझ्या म्हणण्यावरही विश्वास ठेवू नका, स्वतः करून पाहा. एका वहीत चार आठवडे रोज चार नोंदी करा : किती वेळ खेळलो, किती वेळ झोपलो, किती वेळ अभ्यास केला आणि संध्याकाळी गणिताची दहा उदाहरणे सोडवायला किती मिनिटे लागली. उदाहरणे रोज सारख्याच कठिणाईची घ्या. पहिला व तिसरा आठवडा रोज तासभर खेळा, दुसरा व चौथा आठवडा खेळू नका. चार आठवड्यांनी तक्ता मांडा. एकट्याच्या नोंदीवरून जगाचा नियम निघणार नाही, हे आता तुम्हाला ठाऊक आहे. वर्गातल्या दहा-वीस मित्रमैत्रिणींनी मिळून हा प्रयोग केला तर अधिक चांगले.

मग तो तक्ता घेऊन आई-बाबांपुढे बसा. बॅट खाली काढायची की नाही, ते त्या तक्त्यावरून दोघे मिळून ठरवा.